आधी खोड सांगा

खोली भाड्यानं बघायला गेलतो, तर मालकांनी आधी माझे दात बघितले.

खोटं न्हाय सांगत. "आ कर," म्हणले. मी आ केला. मान तिरकी करून, डोळे बारीक करून त्यांनी बघितलं आन् म्हणले, "वीस. एकविसावं लागलं नसंल अजून." आधार कार्ड माझ्या खिशातच होतं, पण ते काढायची गरजच पडली न्हाय. मग त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, पुन्हा समोर येऊन थांबले आन् विचारलं, "बरं पावणं, खोड काय हाय?"

मी म्हणलं, "कसली खोड?"

"तुझी. बिनखोडीचं जनावर आन् बिनखोडीचा माणूस अजून बाजारात आल्याला न्हाय. सांगितल्याली खोड मी चालवून घेतो. लपवल्याली घावली, तर त्याच दिवशी गाठोडं भाईर."

मी हुपरीचा. आमच्या घरात सगळे मान खाली घालून पैंजणाला घुंगरू जोडणारे. मी एकटाच असा निघालो की शाळेत हेडसरांच्या आवाजात माईकवरनं सुट्टी जाहीर केली आन् पाचवी ते सातवी घरी जाऊन जेवली. हे सगळं काय मालकांना सांगितलं न्हाय. एवढंच म्हणलं, "मी नकला करतो. कुणाच्याबी. थांबवत न्हाय मला."

मालकांनी विचार केला. "झोपेत करतोस?"

"न्हाय."

"मग ऱ्हा."

तीन वर्षं राहिलो. कोल्हापुरात भर वस्तीत त्यांचं घर, फुडं आमच्या भाडेकरूंच्या तीन खोल्या, मागं गोठा आन् गोठ्यात चार म्हशी. पण मालकांची खरी कीर्ती स्वतःच्या म्हशींवर नव्हती, दुसऱ्याच्या म्हशींवर होती. जनावर घ्यायचं झालं की पार सीमेवरनं, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी माणसं त्यांना न्यायला यायची. मालक बाजारात जायचे, म्हशीकडं पाठ करायचे आन् विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणले, "म्हशीला काय कळतंय आपली खोड काय हाय ती. खोड मालकाच्या तोंडावर असत्या."

ही रीत त्यांनी बाजारापुरती ठेवली असती तर ठीक होतं. पण न्हाय. कलिंगडवाल्याला विचारायचे, खोड काय हाय. नवीन पेपर टाकणाऱ्याला विचारायचे. पुतणीला बघायला पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला, आन् मालकांनी मुलाच्या वडलांना विचारलं, पोराची खोड सांगा. वडील हसून म्हणाले, आमच्या पोरात नाव ठेवायला जागा न्हाय. मालक उठले, चपला घातल्या आन् म्हणले, मग आमच्यात बसायचा न्हाय तो. पुढच्या महिन्यात दुसरं स्थळ आलं. त्या पोरानं स्वतःच सांगितलं, मी घोरतो, होस्टेलात माझ्या खोलीत कुणी टिकलं न्हाय. तिथंच सुपारी फुटली. पोरगी आता सुखात हाय, फक्त झोप कमी मिळत्या म्हणती.

माझी खोड त्यांनी कशी चालवून घेतली तेबी सांगतो. मी एकदा अंगणात बाकीच्या भाडेकरूंना मालकांची नक्कल करून दाखवत होतो. चक्कर मारायची, दात बघायचे, मिशीला हात लावून "व्हय" म्हणायचं. पोरं हसता हसता एकदम गप झाली. मागं मालक. हातात धारेची बादली.

"चुकलं," म्हणले.

मी म्हणलं, "माफ करा मालक, परत न्हाय करणार."

"तसं न्हवं. मी आधी मिशीला हात लावतो, मग 'व्हय' म्हणतो. तू दोन्ही एकदम करतोस." बादली खाली ठेवली आन् तीनदा करून दाखवलं. माझ्याकडनं चारदा करून घेतलं. तिथनं फुडं घरी कोण आलं की हाक यायची, ये रे, माझ्यासारखं बोलून दाखव. नक्कल करायची सगळी मजाच गेली हो. ज्याची करायची तोच माणूस बाजूला बसून मान डोलवतोय म्हणल्यावर काय राहिलं.

काकी म्हणजे मालकांच्या मंडळी. त्या कमी बोलायच्या. त्यांचं माहेर मलकापूर. दरवर्षी जत्रेला एसटीनं जायच्या, आन् अलीकडं बहिणीचा नवरा जीप पाठवायचा. जीपमध्ये फुडं पुरुष माणसं, मागं दुधाचे कॅन, आन् दोन कॅनच्या मधी काकी. एका वर्षी बहीण म्हणली, एवढी म्हसरं पाळता, एक गाडी घ्यायला जमंना व्हय तुमास्नी. काकी परत आल्या, भाकरी थापायला बसल्या आन् थापता थापता म्हणल्या, "फुडच्या जत्रंला मी गाडीत फुडं बसून जाणार."

मालक जेवत होते. ताट पुसून खाल्लं, हात धुतला. पण फुडची जत्रा दोन महिन्यांवर आली तवा चार म्हशींतल्या दोन गेल्या. ज्या माणसानं आयुष्यात दुसऱ्याला म्हशी घेऊन दिल्या, त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या इकल्या. आन् आम्ही तिघं शोरूमला गेलो.

काय ते शोरूम. फरशीत तोंड दिसत होतं. टाय लावलेला एक पोरगा फुडं आला, वेलकम सर, वेलकम मॅडम. मालकांनी गाडीला एक चक्कर मारली, टायरवर बुक्की मारली, बॉनेट उघडायला लावलं, आत बघितलं आन् "झाका" म्हणले. मग टायवाल्याच्या तोंडाकडं बघत विचारलं, "पावणं, खोड काय हाय हिची?"

तो हसला. "काका, झिरो किलोमीटर गाडी आहे. ब्रँड न्यू. हिला कसली खोड?"

मला कळलं, झालं. आता मालक चपला शोधणार. पण मालक हलले न्हाईत. कारण काकी आधीच फुडच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरनं घेतलेला, पर्स मांडीवर, नजर समोर काचेतनं, जशी काय गाडी मलकापूरला निघालीच हाय. मालकांनी एकदा काकींकडं बघितलं आन् सही केली.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. शोरूमच्या दारातच काकींनी पूजा मांडली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, नारळ. पूजेआधी सगळं स्वच्छ हाय का बघायचं म्हणून काकींनी सीटखाली हात घातला आन् कायतरी चिमटीत धरून बघत राहिल्या. माझ्याकडं बघून बोलायला लागल्या होत्या. पण तेवढ्यात मालक स्टेअरिंगवर बसले आन् सगळ्यांचं लक्ष आपापल्या जिवाकडं गेलं.

मालकांचं ड्रायव्हिंग असं की ब्रेक दाबताना तोंडानं "हो हो हो" म्हणायचे आन् वेग वाढवताना "हॅक". वळताना सिग्नल द्यायचे, वर गाडीच्या कानात सांगितल्यासारखं "डावीकडं गं" म्हणायचे. किल्लीला मी घरनं आणलेलं चांदीचं घुंगरू बांधलेलं. ते हॅक म्हणले की छुम वाजायचं.

पहिल्याच रविवारी ठरलं, मलकापूरला जाऊन बहिणीला गाडी दाखवायची. टाकी गळ्यापर्यंत भरली. काकी फुडं, मी मागं. शिवाजी पुलाच्या बरोबर मध्यावर गाडीनं आवाज केला. खुडुक. खुडुक. घुर्रर्र. फुस्स.

बंद.

मागं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यावर फुल आवाजात गाणी, त्याच्यामागं एसटी, त्याच्यामागं अख्खं कोल्हापूर. सगळे हॉर्न वाजवायला लागले. एकजण ओरडला, "मामा, तिला वैरण घाला." मालक खाली बघत गाडी ढकलायला लागले. काकी उतरल्या, पुलावरनं चालत मागं आल्या आन् रिक्षानं घरी गेल्या. संध्याकाळी म्हणल्या, "खोड निघंपतोर मी त्यात बसत न्हाय." जत्रा दीड महिन्यावर.

शोरूमला फेऱ्या सुरू झाल्या. आन् तिथं गेली की गाडी अशी शहाणी व्हायची, अशी शहाणी, की मला तिचा राग यायचा. मेकॅनिक फिरवून आणायचा. एकदम ओके हाय काका. तुम्हाला चालवायची सवय नसेल. दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीला एक पार्ट बदलला आन् तेच. मोबाईलवर रेकॉर्ड करावं म्हणलं, तर आवाज येऊन बंद पडायला चार सेकंद लागायचे, मोबाईल खिशातनं निघायला सहा.

चौथ्या फेरीला मालकांनी मला फुडं ढकललं. "आवाज काढून दाखव."

मी काढला. खुडुक. खुडुक. घुर्रर्र. फुस्स. मेकॅनिक हातातला पाना खाली ठेवून म्हणला, परत काढ. परत काढला. त्यानं आतनं आपल्या सीनियरला बोलावलं. तो डोळे मिटून ऐकायला लागला, जसा काय मी गवयी. "खुडुकच्या आधी टिक येतंय का?" न्हाय येत, म्हणलं. "घुर्र लांब की आखूड?" लांब. दोघांची तिथंच भांडणं लागली. एक म्हणला पेट्रोलचा प्रॉब्लेम, दुसरा म्हणला वायरिंगचा. शेवटी मॅनेजर आला. कानात ब्लूटूथ, शर्ट इन. एकदम गुळगुळीत बोलायचा. "हे बघा काका, कसं आहे, माणसानं काढलेल्या आवाजावर कंपनी क्लेम मान्य करत नाही."

माझा लई अपमान झाला. गाडीपेक्षा चांगला काढलेला मी.

त्या दिवसापासनं मालकांनी गाडी गोठ्यासमोर लावली आन् आजारी म्हशीवर ठेवावी तशी नजर ठेवली. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहायचे. कवा खाल्लं, किती खाल्लं, कवा बसली. आठ दिवसांनी सकाळी धार काढता काढता मला हाक मारली. तोंडावर असा आनंद की म्हस जुळी व्याली असं मला वाटलं.

"पोट भरलं की बसत्या ही."

"काय?"

"टाकी फुल केली की दोन मैलाच्या आत बसत्या. अर्ध्या पोटावर पळत्या. शोरूमवाल्यांच्यात कधी फुल टाकी असत्या व्हय? तिथं सगळी जनावरं उपाशी. म्हणून तिथं शहाणी."

मी भिंत बघितली. खरंच. सगळ्या "बसली"च्या वर "पोटभर" लिहिलेलं.

जत्रेला पंधरा दिवस राहिलेले. आम्ही पाचव्यांदा निघालो. या खेपेला काकीबी आल्या, पण गाडीत न्हाय, रिक्षानं मागनं. मालकांनी मॅनेजरच्या हातात किल्ली ठेवली. "पावणं, तुमी चालवा. म्हस इकणाऱ्यानं पिळून दाखवायची असत्या, घेणाऱ्यानं न्हवं." मॅनेजर घड्याळ बघत बसला स्टेअरिंगवर. आधी पंपावर घ्या म्हणून मालकांनी टाकी काठोकाठ भरायला लावली, पैसे स्वतः दिले. मग हायवेच्या कडेनं शिरोलीच्या बाजूला.

एक मैल झाला. मॅनेजर म्हणला, बघा काका, स्मूथ आहे. न धडपडता गाडी अशीच पळाली तर आज मालक त्या फरशीवर सगळ्यांसमोर खोटे पडणार होते. मला राहवलं न्हाय, माझ्या घशातनं आपोआप खुडुक निघालं.

मालक मागं न बघता म्हणले, "तू गप. तिला करू दे."

आन् तिनं केलं. खुडुक. खुडुक. घुर्रर्र, लांब. फुस्स. सूरसुद्धा मी लावलेलाच. मॅनेजरनं वळून आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मी काढला का म्हणून. मी ओठ दाबून दाखवले. मग तो उतरला, मी उतरलो आन् आम्ही दोघांनी गाडी शोरूमपर्यंत ढकलली. मालक स्टेअरिंगवर. मधनं मधनं "हॅक" म्हणायचे.

केबिनमध्ये पाणी आलं. मालकांचा नेहमीचा आवाज म्हणजे गंगावेशीतनं हाक मारली तर रंकाळ्यावर ऐकू जावी. त्या दिवशी ते इतकं हळू बोलले की मलाच भ्या वाटलं. "पावणं, खोड हाय का न्हाय?"

"आहे काका. रिपेअर करून देऊ. फ्री."

"रिपेर नको. परत घ्या. पुरं पैसे द्या. खाल्लेली वैरण माझी."

"तसं होत नाही काका. एकदा डिलिव्हरी झाली, गाडीची पूजा झाली, की गाडी तुमची."

कोपऱ्यातल्या खुर्चीतनं काकी म्हणल्या, "कुठली पूजा म्हणताय? मी केली ती का पयली झाली ती?"

सगळे वळले. काकींनी पर्स उघडली, रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आन् टेबलावर चार-पाच तांदळाचे दाणे ठेवले. वाळलेले, पिवळे.

"आमच्यात अक्षता कुंकवाच्या. ह्या हळदीच्या हाईत. मी नारळ फोडायच्या आधीच सीटखाली घावल्या. मला वाटलं शोरूमवाल्यांनीच टाकल्या असतील, चांगलं हाय की म्हणून गाठीला बांधून ठेवल्या. आता तुमी पूजा म्हणला म्हणून ध्यानात आलं."

मालक दाण्यांकडं बघतच न्हवते. मॅनेजरच्या तोंडाकडं बघत होते, बाजारात बघायचे तसं. "ही पहिल्या वेताची पहिलारू न्हवं," म्हणले. "कुणाच्या दारातनं आल्याली?"

मॅनेजरनं कम्प्युटरवर दोन बटणं दाबली. मग कानातलं ब्लूटूथ काढून टेबलावर ठेवलं. आन् एकदम वेगळ्याच माणसानं तोंड उघडल्यासारखा बोलला, "मामा, लपवत न्हाय आता. आठ दिवस एका पावण्याकडं हुती. नंबर पडायच्या आधीच परत टाकली त्यांनी. मी नको म्हणत हुतो, पण वरनं सांगितलं, पुसून लावा फरशीवर."

मी तर बघतच राहिलो. कसं आहे, हे बघा काका, ते सगळं गुळगुळीत बोलणं, तीबी नक्कलच होती की. गडी आपल्यातलाच निघाला.

वरचे शेठ खाली आले. त्यांनी हात जोडले, दुसरी नवी गाडी देतो म्हणले, वर सीटकव्हर फुकट. मालक म्हणले, "ज्या दावणीला एकदा खोड लपवली, तिथलं दुसरं जनावर न्हाय बांधत मी." पुरे पैसे परत द्यायचं कबूल झालं. लेखी.

गाडी परत द्यायच्या दिवशी मालकांनी ती धुतली, पुसली. टाकी फुल होती, तशीच ठेवली. उपाशी जनावर परत करत न्हाईत. किल्लीचं घुंगरू मात्र सोडून खिशात टाकलं. "जनावर तुमचं, दावं आमचं."

सगळं झालं, न्याय झाला, गल्लीत पेढे वाटले. पण पैसे खात्यावर आले तेव्हा जत्रा दोन दिवसांवर आलती. नवी गाडी आता कुठनं मिळणार. काकींनी एसटीला न्यायची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातली. मालक त्या पिशवीकडं बघत चहा प्यायले, न्हाय, चहा निवला तो तसाच ठेवला आन् मला म्हणले, चल.

गडमुडशिंगीत एकाची जुनी गाडी विकायची हाय असं दूधवाल्याकडनं कळलेलं. वांगी रंगाची, आठ-नऊ वर्षांची. मालकांनी चक्कर मारली, त्या माणसासमोर थांबले. "पावणं, खोड काय हाय?"

तो माणूस ओट्यावर बसला. म्हणला, बसा, वेळ लागंल. मागची डावी काच खाली येत न्हाय. वायपर एकच चालतो, तोबी मनात आलं तर. मागच्या सीटला वास येतो, पोरगं ओकलं होतं घाटात, तीनदा धुतलं. आन् हॉर्न वाजत न्हाय, दोनदा केला, टिकत न्हाय.

एकेक खोड ऐकताना मालकांचं तोंड उजळत गेलं. मी तेवढं खूश त्यांना त्या चकचकीत शोरूममध्ये बघितलं न्हवतं. "आन् इंजिन?"

"इंजिनाला कायबी न्हाय."

मालकांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग टाकी फुल करून दोन मैल पळवली. परत आले ते घुंगरू किल्लीला बांधतच.

जत्रेच्या सकाळी काकींनी गाडीला कुंकवाच्या अक्षता वाहिल्या, पदर दोन्ही खांद्यांवरनं घेतला आन् फुडं बसल्या. मग म्हणल्या, "हॉर्नबिगर जायचं व्हय एवढ्या लांब?" गॅरेज जत्रेपायी बंद. मालकांनी आरशातनं माझ्याकडं बघितलं.

"तुझी खोड आज कामाला लाव."

मी उजव्या खिडकीत बसलो, डावी उघडतच न्हवती. मुंडकं बाहेर काढलं आन् कोल्हापूर ते मलकापूर हॉर्न वाजवला. सायकलवाल्याला स्कूटरचा. ट्रॅक्टरला ट्रकचा. बांबवड्याच्या अलीकडं मी एसटीचा असा लावला की फुडची एसटी आपल्यातलीच कोण आली म्हणून बाजूला झाली. मालक प्रत्येक वळणाला नुसतं बोट वर करायचे, मी वाजवायचो. काकी समोर बघत होत्या. एकदाबी हसल्या न्हाईत, पण प्रत्येक हॉर्नला पदर नीट करायच्या.

बहिणीच्या दारात गाडी थांबली. काकी उतरल्या न्हाईत. "वाजव," म्हणल्या.

मी जीव लावून तोंड उघडलं. घसा संपलेला. निघालं ते असं. खुडुक. खुडुक. फुस्स.

सगळं घर बाहेर आलं. बहीण म्हणली, "काय झालं, बंद पडली व्हय?"

"गाडी न्हाय," मालक म्हणले, "हॉर्न दमला."

बहिणीनं गाडीला एक चक्कर मारली. वांगी रंग बघितला, एक वायपर बघितला. "जुनीच घेतली म्हणायची."

काकींनी दार उघडलं, सावकाश पाय खाली ठेवला, सगळ्यांनी बघावं एवढा वेळ तसाच ठेवला. म्हणल्या, "जुनीच हाय. खोड सांगून घेतल्या. व्हय का न्हाय वो?"

मालकांनी आधी मिशीला हात लावला. मग म्हणले, "व्हय."